३७७ गेलं, ४६ आहे

लष्कराच्या विधी शाखेतून निवृत्त झाल्यावर मी ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ वकिली करते. गेलं वर्षभर एकच घोळ वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे येतोय : समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ गेलं, म्हणजे लष्करातही मोकळीक झाली. म्हणून या वेळी सगळी पत्रं त्याच विषयावरची घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी १९ वर्षांचा, ऐरोलीत राहतो. अग्निवीर भरतीची तयारी करतोय. मी समलिंगी आहे. ३७७ रद्द झालंय, तर भरती झाल्यावर उघड सांगायला हरकत नाही ना? मित्र म्हणतात, काही होत नाही.

मित्र येणार आहेत का तुझ्याबरोबर भरतीला? सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. ती दंडसंहितेची गोष्ट झाली. गणवेश चढवलास की तुला १९५० चा लष्कर कायदाही लागू होतो. त्याच्या ४६व्या कलमात 'अनैसर्गिक' स्वरूपाच्या लांच्छनास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मुरड घालायची मुभा संसदेला घटनेच्या अनुच्छेद ३३ नेच दिली आहे. आणि जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत सांगून टाकलं होतं की लष्करात हे चालणार नाही. कलम वर्तनाबद्दल बोलतं, माणसाच्या कलाबद्दल नाही, हा फरक कोर्टात मांडता येतो. बराकीत मांडायला जाऊ नकोस. अर्ज जरूर भर. कुणाला काय सांगायचं ते मात्र आधी लष्करी कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलून ठरव.

प्रश्न : भरतीच्या वैद्यकीय तपासणीत 'हे' कळतं का? (कोपरी)

नाही.

प्रश्न : मुलाची एसएसबी, म्हणजे लष्करात अधिकारी व्हायची निवड चाचणी, जवळ आलीय. त्याने मागच्या दिवाळीत मला सगळं सांगितलं. क्लासचे सर म्हणतात, तिथले मानसशास्त्रज्ञ अशी मुलं लगेच ओळखतात. २० हजारांत 'व्यक्तिमत्त्व सुधार' करून देतो. पैसे भरू का? (नेरूळ)

एक रुपयाही भरू नका, ताई. एसएसबी पाच दिवस चालते. मानसशास्त्राच्या चाचणीत चित्रावरून गोष्ट लिहायची, शब्दावरून वाक्य करायचं, प्रसंग दिला की काय कराल ते लिहायचं, स्वतःचं वर्णन करायचं. त्यातून बघतात ते मुलगा निर्णय घेतो का, चार जणांना बरोबर नेतो का. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती बदलायचा 'उपचार' हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. जे डॉक्टरला मना आहे ते क्लासवाला करणार? आगाऊ रक्कम दिली असेल तर पावती जपा आणि परत मागा. मुलाला दडपण आलं असेल तर चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाला भेटवा; दडपणासाठी, बदलण्यासाठी नव्हे.

प्रश्न : मी सेवेत आहे, सुट्टीवर वागळे इस्टेटला घरी आलोय. अॅपवर ओळख झालेला एक जण चॅट युनिटला पाठवीन म्हणून धमकावतोय. दोनदा पैसे दिले. आठवड्याने परत रुजू व्हायचंय.

तिसऱ्यांदा देऊ नका. चॅट उडवू नका, यूपीआयच्या नोंदी आणि त्याचा नंबर जपून ठेवा. ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८. सायबर पोलिसांकडे जाता येतं, १९३० ही हेल्पलाइन आहे. पण तक्रारीतलं वाक्यन् वाक्य युनिटपर्यंत पोचू शकतं, म्हणून आधी वकील, आणि तोही आज. जुलै २०२० मध्ये लष्कराने ८९ अॅप फोनमधून काढायला सांगितली होती, त्यात डेटिंगची बरीच होती. नुसतं अॅप बाळगणं हाही वेगळा आरोप होऊ शकतो.

एक जवान भर पावसात माझ्याकडे आला होता. प्लास्टिकच्या पिशवीत कारणे दाखवा नोटीस, चार घड्या घातलेली, घडीवर शाई फुटलेली. उत्तराची मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. वरिष्ठ म्हणाले होते, 'मनातलं लिहून दे, मोकळा होशील.' यानं तीन पानं लिहून दिली. त्या तीन पानांखेरीज त्याच्याविरुद्ध कागदावर काहीही नव्हतं. तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय एक ओळ लिहून देऊ नका. अंतिम आदेशाविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायला सहा महिने मिळतात, आणि लोक उगवतात सातव्या महिन्यात!

आता न विचारलेलं मत. समलिंगी सैनिक ब्लॅकमेलला बळी पडतो म्हणून तो नको, असं म्हणणारे गाडीमागे बैल जुंपतात. त्या चॅटला किंमत येते ती नोकरी जाईल या भीतीमुळे. उघडपणे नोकरी करू द्या, धमकावणाऱ्याचं दुकान त्याच दिवशी बंद. २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका शास्त्रज्ञाला पाकिस्तानी हेराला माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक झाली. गळ होता बाईच्या नावाच्या प्रोफाइलचा. म्हणून बायकांकडे ओढा असलेल्या पुरुषांची भरती कुणी थांबवली का? ब्रिटन १९९९ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात हरला आणि जानेवारी २००० मध्ये त्याने बंदी उठवली. अमेरिकेने 'विचारू नका, सांगू नका' म्हणत १३ हजारांहून अधिक सैनिक घालवले, आणि २०११ मध्ये ते धोरण गुंडाळलं. आपल्याकडे तेच धोरण कुठेही न लिहिता चालू आहे, आणि त्याचा हप्ता तुमच्यासारखे भरतात.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार. एका बराकीत तीस जण झोपतात. असली माणसं उघडपणे घेतली तर शिस्त कशी राहणार? (कळवा)

गैरवर्तन करील त्याला शिक्षा करून, सुभेदारसाहेब, मग तो कुणीही असो. आजही तशीच राहते. बायकांबाबतही हीच भीती दाखवली होती. खेड्यातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असं सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ते फेटाळलं. ते वाक्य मी गणवेशात असताना चहाच्या वेळी ऐकलेलं आहे, दिवसभर माझे हुकूम मानून झाल्यावर.

प्रश्न : माझ्या पश्चात जोडीदाराला पेन्शन मिळेल? (घोडबंदर रोड)

कुटुंब निवृत्तिवेतन नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. बँक खात्यावर जोडीदाराचं नामनिर्देशन करता येतं, अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. बाकी सगळ्यासाठी मृत्युपत्र करा, वकिलाकडून करून घ्या, आणि याच महिन्यात. साक्षीदार दोन लागतात. जोडीदाराला साक्षीदार करू नका.