वीज कर्मचारी खासगीकरणाविरुद्ध संप करतात तो स्वतःच्या नोकऱ्या वाचवण्यासाठीच ना? मग ग्राहकाने त्यांना पाठिंबा का द्यावा?

तुम्ही लिहिलंय की तुमचं गाव संगमेश्वर तालुक्यात आतल्या बाजूला आहे, पावसाळ्यात लाईट सारखी जाते, आणि त्यातच संपाची बातमी आली की चीड येते. त्यांना त्यांचा पगार सांभाळायचा आहे, त्यात आमचं काय भलं, असा तुमचा सरळ सवाल आहे.

उत्तरही सरळच देतो. हो, नोकऱ्या वाचवण्यासाठीच ही आंदोलनं असतात आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्या नोकरीत काय काय येतं, ते समजून घ्या. मी नोकरीची सगळी वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात तारांवर काढली, संघटनेचं काम केलं, आता निवृत्त आहे. माझं मत कामगाराच्या बाजूचं आहे हे धरूनच पुढचं वाचा.

आपल्याकडची 11 केव्हीची लाईन उपकेंद्रातून निघते, सडा ओलांडते, घाटीत उतरते, काजू-फणसाच्या बागांतून जाते आणि शेवटी कुठल्यातरी वाडीच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, थांबते. तिथे घरं किती, तर आठ-दहा. त्यातली निम्मी गणपती-शिमग्यालाच उघडणारी. एवढ्या घरांचं बिल त्या लाईनीचा खर्च कधीच भरून काढत नाही. तरीही लाईन आहे, कारण ती टाकणाऱ्या वीज मंडळाने घरं मोजली, नफा मोजला नाही.

समुद्राकडच्या गावांत आणखी एक दुखणं. खारं वारं इन्सुलेटरवर, म्हणजे तार खांबापासून वेगळी ठेवणाऱ्या भागावर, मिठाचा थर धरतं. ऊन असेतो काही होत नाही. मेअखेरीस पहिला शिडकावा आला की तो थर ओला होतो, करंट त्याच्यावरून सरकायला लागतो, चटचट आवाज येतो, रात्री निळसर ठिणगी दिसते आणि फिडर ट्रिप होतो, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी ती अख्खी लाईन आपोआप बंद पडते. सकाळी बघायला जावं तर इन्सुलेटर कोरडा, धडधाकट. मग शोधणार कसं? एबी स्विच, म्हणजे खांबावरचा लाईन मधेच तोडणारा स्विच, उघडून लाईनीचे तुकडे पाडायचे, पुढचा भाग तोडून मागचा चार्ज करून बघायचा. टिकला तर फॉल्ट पुढे, नाही टिकला तर मागे. असं करत करत त्या एका खांबापर्यंत पोचायचं, अंधारात, पावसात, पऱ्याला पाणी आलेलं असताना. त्या सेक्शनला काही पावसाळे काढलेला वायरमन मात्र आवाजाच्या दिशेवरून आणि वेळेवरून आधीच सांगतो, की अमक्याच्या कलमांपाशी बघा.

आणि सापडला म्हणून लगेच खांबावर चढता येत नाही. उपकेंद्रातून परमिट घ्यायचं, लाईन डिस्चार्ज करायची, दोन्ही बाजूंना अर्थिंग लावायचं. कारण एखाद्या घरात जनरेटर चुकीचा जोडलेला असतो आणि बंद तारेतून उलटा करंट येतो. अशाने माणसं गेली आहेत. वर एक, खाली एक, असं हे दोघांचं काम आहे. मंजूर पद भरलं नाही की दोघांचा एक होतो, आणि एकाकडे दोन सेक्शन येतात. तुमची लाईट चार तासांऐवजी रात्रभर जाते, त्याचं कारण बहुतेक वेळा त्या न भरलेल्या पदात असतं. खाली उभा राहायला दुसरा माणूस मिळेपर्यंत कुणी खांबावर चढत नाही, चढूही नये.

म्हणून संघटना ‘रिक्त पदं भरा’ म्हणते तेव्हा ती मागणी तुमचीसुद्धा असते. कंत्राटी पोरं कामात कुठे कमी नाहीत, जिवावर उदार होऊन करतात. पण कंत्राट बदललं की पोरगा बदलतो, आणि त्याच्याबरोबर ती ‘अमक्याच्या कलमांपाशी’ची माहितीही जाते. त्याला अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, यावर घरच्यांना हेलपाटे पडतात ते वेगळंच.

आता खासगीकरणाचं. 4 जानेवारी 2023 चा संप तुम्हाला आठवत असेल. तीसहून अधिक संघटना एकत्र आल्या होत्या, तीन दिवसांची हाक होती, सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतल्या संपावर बंदी घालणारा कायदा, लावला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा होऊन संप त्याच दिवशी मागे घेतला गेला. सरकारी वीज कंपन्यांचं खासगीकरण करणार नाही, असं त्यांनी त्या वेळी सांगितलं. वाद होता तो अदानी समूहातल्या कंपनीने मागितलेल्या समांतर वितरण परवान्याचा. 2003 च्या वीज कायद्यात एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना देण्याची तरतूद आहे. तो मागितला होता मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण अशा भागासाठी. संगमेश्वर, लांजा, मंडणगडसाठी कुणी मागितलेला नाही.

संपाचं सगळं मर्म इथे आहे. वीजदराची रचना अशी, की कारखाने, मोठी दुकानं, जास्त वीज वापरणारे ग्राहक जास्त दर देतात आणि त्यातून शेतीपंपाचा व गरीब घराचा दर आवाक्यात राहतो. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. तळोज्याचा कारखाना नव्या कंपनीकडे गेला, की तो पैसा गेला. महावितरणकडे, म्हणजे वीज वाटणाऱ्या सरकारी कंपनीकडे, उरणार तुमची वाडी, माझी वाडी आणि डोंगरातली लाईन. मग एकतर दर चढणार, नाहीतर देखभाल आटणार. कर्मचारी नवी मुंबईसाठी रस्त्यावर आले तेव्हा ते तुमच्या डीपीसाठीच आले होते, हे त्यांनी तुमच्या गावात येऊन सांगायला हवं होतं. द्वारसभा कार्यालयाच्या फाटकावर होतात, तिथे ऐकायला कामगारच असतात. वाडीवर कुणी जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

खासगी कंपनी चांगलं काम करतच नाही, असं मी म्हणणार नाही. भिवंडी 2007 साली टोरंट या खासगी कंपनीला फ्रँचायझीवर, म्हणजे महावितरणच्या वतीने वीज वाटायला आणि बिलं वसूल करायला, दिली. तिथे वीजचोरी आणि गळती भयंकर होती, ती खूप खाली आली, हे मान्य केलंच पाहिजे. पण भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं दाट शहर, थोड्या जागेत पुष्कळ ग्राहक. त्याच धर्तीवर औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचा काही भाग 2011 मध्ये दिला. औरंगाबाद 2014 ला परत आलं, जळगाव 2015 ला, नागपूर 2019 ला. कंपन्या गेल्या, खांब आणि ग्राहक जागेवर राहिले, आणि ताबा परत घेऊन लाईट चालू ठेवली ती महावितरणच्याच माणसांनी. तोपर्यंत ती माणसं कमी करून टाकली असती तर ताबा कुणी घेतला असता?

आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला हे शिकायला नागपूरला जायची गरज नाही. गुहागर तालुक्यात अंजनवेलला एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा वीजप्रकल्प आला. वीज मंडळाशी करार 1993 चा, पहिला टप्पा सुरू झाला 1999 ला. वीज उचला अगर न उचला, ठरलेला आकार द्यायचाच, असा तो करार. वेलदूर, अंजनवेल, रानवीच्या लोकांनी विरोध केला, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. सिटू ही कामगार संघटना आणि कार्यकर्ते अभय मेहता मुंबई उच्च न्यायालयात गेले, 1996 मध्ये याचिका फेटाळली गेली. मंडळाचे कामगार तेव्हा सांगत होते की ही वीज परवडणार नाही. लोक म्हणायचे, यांना प्रगती नको, यांना नोकऱ्यांची चिंता. 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला, वर्षाअखेरीला अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. नंतर 2005 साली एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना घेऊन नवी कंपनी उभारून तो प्रकल्प सावरावा लागला. त्याच वर्षी वीज मंडळाचे तुकडे होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण झाल्या. आज संघटना काही इशारा देते तेव्हा अंजनवेलची ती चिमणी माझ्या डोळ्यांसमोर असते.

संकटाच्या वेळचंही बघा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे किनाऱ्यावर चढलं आणि मंडणगड-दापोलीपर्यंत सगळं झोपवून गेलं. सुपारीच्या बागा आडव्या, खांब आडवे. त्यात कोरोनाचे दिवस. दुसऱ्या जिल्ह्यांतून पथकं आली. शाळांत राहिली, गावकऱ्यांनी जेवायला घातलं, आणि चिखलात हातांनी खड्डे मारून खांब उभे केले, कारण आतल्या वाटेला क्रेन जात नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते, दोन महिन्यांत चिपळूणचा पूर. त्या पुरात चिपळूण एसटी आगाराचे प्रमुख आगाराची रोकड घेऊन कित्येक तास बसच्या छतावर बसून राहिले, हे तुम्ही वाचलं असेल. राज्यभरातून माणसं उचलून एका जिल्ह्यात आणणं, त्यांचं नफ्याचं गणित न मांडणं, हे मोठ्या सार्वजनिक सेवेला जमतं. एका शहराचा परवाना घेतलेली कंपनी मंडणगडला माणसं का पाठवेल?

एसटीचं नाव निघालंय तर संपाची दुसरी बाजूही सांगतो. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल 2022 पर्यंत लांबला. मागणी शासनात विलीनीकरणाची. पगार तुटपुंजे होते, लोकांची सहानुभूती होती. पण कोकणात एसटी बंद म्हणजे शाळा बंद, दवाखाना बंद, बाजार बंद. महिने उलटत गेले तशी सहानुभूती आटली, वडापवाल्यांनी जागा घेतली आणि विलीनीकरण झालंच नाही. अत्यावश्यक सेवेतल्या संपाने लोकांना वेठीला धरलं की तो आतून पोकळ होतो, असं माझं ठाम मत आहे. आधी नोटीस, गावोगाव पत्रकं, मग दवाखाना आणि नळपाणी योजनेच्या फिडरसाठी माणसं राखून ठेवून कामबंद, तेही ऐन पावसाळा टाळून. आणि ग्राहकाचा फोन मुद्दाम न उचलणाऱ्याला, पैसे मागणाऱ्याला संघटनेने पाठीशी घालू नये. अशा एका माणसामुळे शंभर जणांचं आंदोलन बदनाम होतं, आणि तुमच्यासारख्याची चीड तिथूनच सुरू होते.

लोक आणि कामगार एकत्र आले की सरकार ऐकतं, हेही खरं आहे. सप्टेंबर 2023 मध्ये खासगी संस्थांमार्फत शासकीय पदं कंत्राटी भरण्याचा निर्णय निघाला. नोकरीची वाट बघणारी पोरं आणि कर्मचारी संघटना दोन्ही उठल्या, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. 2024 मध्ये स्मार्ट प्रीपेड मीटरला ग्राहक संघटना आणि वीज कामगार यांनी मिळून विरोध केला, तेव्हा सर्वसामान्य ग्राहकांना ते मीटर लावणार नाही असं जूनमध्ये जाहीर करावं लागलं. पुढे मीटर वेगळ्या नावाने आले, तो झगडा संपलेला नाही.

तुम्हाला संपाला पाठिंबा द्या असं मी आत्ता म्हणत नाही. आधी एक काम करा. तुमच्या गावाला लागणाऱ्या शाखा कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. एवढंच विचारा: या शाखेत तंत्रज्ञांची मंजूर पदं किती, त्यांतली आज भरलेली किती, कंत्राटी किती, आणि लाईनीची एकूण लांबी किती. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी कंपनीकडे असा अर्ज इतक्या सरळ चालत नाही, हेही लक्षात असू द्या. उत्तर हातात आलं की ते ग्रामसभेत वाचा, रिक्त पदं भरण्याचा ठराव घ्या, आणि त्याची एक प्रत कार्यकारी अभियंत्याला, एक आमदाराला आणि एक तिथल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्याला द्या. तो पदाधिकारी ठराव घेऊन काय करतो, तुमच्या गावात येऊन बोलतो की नाही, त्यावरून पाठिंब्याचं तुमचं तुम्ही ठरवा. अर्जात काही अडलं तर इथेच विचारा, मसुदा करून देतो.