गिझर तापला की ईएलसीबी पडतो: अर्थची वायर काढू नका, कॉइल गरम असतानाच तपासून घ्या

तुमचे वायरमन उद्या येऊन गिझरच्या प्लगमधली अर्थची वायर काढणार असतील, तर आधी त्यांना फोन करून थांबवा. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: 25 लिटरचा 2 किलोवॅटचा गिझर, सहा वर्षं जुना, बोअरचं पाणी. चालू केल्यावर सात-आठ मिनिटांत ईएलसीबी (करंटची गळती झाली की घराची वीज तोडणारा खटका) पडून घरभर अंधार. लगेच वर केला तर टिकत नाही, अर्ध्या तासाने टिकतो. कंपनीचा माणूस सकाळी येऊन ‘कॉइल ओके आहे, तुमच्या वायरिंगमध्ये फॉल्ट आहे’ म्हणाला. वायरमनने नवा ईएलसीबी बसवला, तरी तेच. आता ते म्हणतायत, अर्थ काढली की पडायचा बंद होईल.

पडायचा बंद होईलही, आणि नेमकी तीच भीती आहे. आरसीसीबी (ज्याला आपण सगळे ईएलसीबीच म्हणतो) फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची सतत तुलना करतो. 2 किलोवॅटच्या गिझरमधून साधारण 8.7 अँपिअर जातात, तेवढेच परत यायला हवेत. त्यातला थोडा करंट दुसऱ्या वाटेने निसटला की तो खटका पाडतो. आज निसटणारा करंट गिझरच्या बॉडीवरून अर्थच्या वायरीने जमिनीत जातोय. ती वायर काढली की ती वाट बंद होते, पण गळती आतमध्ये तशीच राहते. टाकी आणि टाकीतलं पाणी जिवंत राहतं. पूर्वीच्या जीआय (लोखंडी) पाइपांतून तरी काही करंट भिंतीत उतरायचा. आता घरोघरी सीपीव्हीसी (प्लास्टिकचे पाइप) आहे, त्यातून वीज जात नाही. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कुणी नळाला किंवा शॉवरला हात लावला, की अर्थची वायर तो माणूसच होतो. अशा वेळी आरसीसीबी वेळेत पडेलही, पण आधी झटका माणसाच्या अंगातून गेलेला असतो. आणि हेच वायरमन पुढे कंटाळून आरसीसीबीसुद्धा ‘डायरेक्ट’ करणार असतील, तर मग मधे काहीच उरत नाही. घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर याचा विचारसुद्धा करू नका.

दुकानदार आणखी एक उपाय सुचवतात: ‘30 एमएचा फार नाजूक असतो, 100 एमएचा घ्या.’ घेऊ नका. माणसाच्या जिवासाठी 30 मिलीअँपिअर ही मर्यादा आहे. 100 आणि 300 चे आरसीसीबी गळतीमुळे आग लागू नये म्हणून असतात, माणूस त्यांच्या हिशेबात नसतो. आणि त्यावर 40A लिहिलेलं असतं त्याचा गळतीशी संबंध नाही, किती अँपिअर वाहून नेण्याची त्याची ताकद आहे ते सांगणारा तो आकडा आहे. ‘लोड वाढला म्हणून पडतो’ असं शेजारी सांगत असतील तर ते एमसीबीबद्दल खरं आहे. तुमच्याकडे एमसीबी जागेवर आहे आणि आरसीसीबी पडलाय, म्हणजे प्रश्न गळतीचा आहे.

आता गळती कुठे? तुमच्या लक्षणांवरून मी कॉइलवर, म्हणजे हीटिंग एलिमेंटवर बोट ठेवीन. एलिमेंटची नळी बाहेरून धातूची, आत मधोमध तापणारी तार, आणि दोघांच्या मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली पांढरी पूड. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. बोअरच्या पाण्यातले क्षार नळीवर थर धरतात. थराखाली नळी जास्त तापते, धातूला बारीक खड्डे पडतात, केसाएवढी चीर जाते आणि पाणी त्या पुडीत झिरपतं. थंड असताना चीर मिटलेली, त्यामुळे गळती मामुली. नळी तापून फुगली की चीर उघडते, शिवाय गरम पुडीची वीज अडवण्याची ताकदही कमी होते. म्हणून सात-आठ मिनिटं. म्हणूनच लगेच वर केला तर टिकत नाही आणि निवल्यावर टिकतो.

सेवा केंद्रांवर माझा राग आहे तो इथेच. हा त्रास आमच्याही घरात होऊन गेलाय, आणि त्यात सर्वांत जास्त वेळ आणि पैसा खाल्ला तो एका सेवा केंद्राने. नाव लिहीत नाही, कारण ही पद्धत बऱ्याच ठिकाणी सारखीच दिसते. माणूस येतो, रात्रभर थंड पडलेल्या गिझरला मल्टिमीटर लावतो, दोन टर्मिनलमध्ये 26 ओहम दाखवले की ‘एलिमेंट ओके’ लिहून व्हिजिट चार्ज घेतो. अहो, 26 ओहम आले याचा अर्थ आतली तार तुटलेली नाही, एवढाच (230 व्होल्ट आणि 2000 वॅटला तेवढेच यायला हवेत). गळतीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. गळतीसाठी टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये मोजावं लागतं. तेही साध्या मीटरने पुरत नाही, कारण त्याच्या बॅटरीचे थोडेसे व्होल्ट असतात आणि 230 व्होल्टला होणारी गळती त्याला दिसेलच असं नाही. त्याला 500 व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्ट देऊन रोध मोजणारं मीटर) लागतो. आणि मोजायचं ते गिझर तापलेला असताना. एवढं न करता ‘वायरिंग खराब’ म्हणून निघून जायचं आणि ग्राहकाला भिंती फोडायला लावायच्या, हे चूक आहे.

तपासणीचा क्रम असा ठेवा. गिझरचं नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर काढा. साधा स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि गळती कॉइलच्या न्यूट्रलकडच्या टोकाला असेल, तर बटण बंद असूनही घरातल्या दुसऱ्या लोडवर आरसीसीबी पडू शकतो. (डीपी स्विच असेल तर तो दोन्ही तोडतो.) प्लग काढून घर एक पूर्ण दिवस नेहमीसारखं चालवा, पंप, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळं. एकदाही पडला नाही तर वायरिंगवरचा संशय बऱ्यापैकी मिटला.

मग वायरमनला मेगर घेऊन बोलवा, आणि तो दारात आल्यावर गिझर चालू करा. पडू द्या. पडल्याबरोबर प्लग काढा आणि गरम असतानाच प्लगच्या पिनांवर मोजायला सांगा: फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडून मेगरचं एक टोक तिथे, दुसरं टोक वरच्या जाड अर्थ पिनेवर. गिझर उघडायचीही गरज नाही. दोन्ही पिना एकत्र करायच्या कारण थर्मोस्टॅट (पाणी तापलं की कॉइलची वीज तोडणारा आतला स्विच) त्या क्षणी उघडा असेल तर फेजकडून कॉइलपर्यंत मेगर पोचणारच नाही. डिजिटल डिस्प्लेचा गिझर असेल तर मात्र असं करू नका. त्यातल्या सर्किटला 500 व्होल्ट मानवणार नाहीत, तिथे कव्हर उघडून कॉइलच्या वायरी सोडवून फक्त कॉइलच मोजावी.

चांगली कॉइल दहा-वीस मेगाओहम किंवा त्याच्या बरीच वर दाखवते. एक मेगाओहमच्या खाली आली तर बदलायची, चर्चा नको. हिशेबासाठी सांगतो: 230 व्होल्टला 30 मिलीअँपिअर गळायला रोध साधारण 7.7 किलोओहमवर यावा लागतो. पण 30 चा आरसीसीबी 15 ते 30 च्या दरम्यान कुठेही पडू शकतो, आणि त्यातले काही मिलीअँपिअर फ्रिज, कॉम्प्युटर, आरओ यांनी आधीच खाल्लेले असतात. त्यामुळे ‘इतर वस्तू बंद ठेवल्या की गिझर चालतो’ असं आढळलं तरी गिझर निर्दोष ठरत नाही.

कव्हर उघडाल तेव्हा (एमसीबी खाली, प्लग बाहेर, टेस्टरने खात्री करून) टर्मिनलच्या आसपास बघा. फ्लँजच्या (कॉइल जिच्यावर बसते त्या टाकीच्या तोंडावरच्या चकतीच्या) गॅस्केटमधून, म्हणजे रबरी वायसरमधून, थेंब येत असेल तर तिथे पांढऱ्या क्षारांची रेघ दिसते आणि पितळी नटांवर हिरवट थर. कधीकधी कॉइल चांगली असते आणि हा थेंबच टर्मिनलवरून बॉडीला करंट देत असतो. झुरळांची वस्ती असेल तर तीही साफ करा, ती ओल धरून ठेवते.

कॉइल बदलणं फार मोठं काम नाही, पण दोन जागी हमखास बिघडतं. एक म्हणजे गॅस्केट. जुनंच उलटं करून लावतात आणि महिन्याभरात गळती सुरू. कॉइलबरोबर गॅस्केट नवं घ्या, टाकीच्या तोंडाची बैठक घासून साफ करा आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. दुसरं, टाकी भरायच्या आधी बटण दाबणं. नवी कॉइल पाण्याबाहेर तापली तर बघता बघता जळते. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून पाणी भरा, हवेचे फटके थांबून धार सलग यायला लागली की नळ बंद करा, अर्धा-एक तास फ्लँज कोरडा राहतोय का बघा, मगच वीज द्या. वायरी सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, थर्मोस्टॅट आणि कटआउटच्या वायरी इकडच्या तिकडे होतात.

बोअरच्या पाण्याला तांब्याच्या नळीच्या कॉइलपेक्षा इन्कोलॉयची (निकेलच्या मिश्रधातूची) घ्या, थोडी महाग पडते पण खड्डे उशिरा पडतात. सोबत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड बघाच. सहा वर्षांत त्याची नुसती तार उरलेली असणार. तो स्वतः झिजून टाकी वाचवतो, तो संपला की गंज टाकीला लागतो. टाकीतले क्षाराचे खपले हाताने काढा, पाणी सोडून धुवा. बाथरूम धुवायचं ॲसिड आत ओतू नका, टाकीच्या अस्तराची वाट लागते. थर्मोस्टॅट 75 वर असेल तर 55-60 वर आणा. 60 च्या वर क्षार फार भराभर बसतात. टाकीलाच खालून गंजाचं पाणी येत असेल तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका.

वायरमन आलेच आहेत तर अर्थिंगही तपासून घ्या. मीटरवर फेज आणि अर्थमध्ये 230 दिसले म्हणजे अर्थिंग चांगलं, असं समजू नका. लोंबकळती, जवळपास तुटलेली अर्थसुद्धा मीटरला फसवते. जुना फिलामेंटचा 60 किंवा 100 वॅटचा बल्ब होल्डरला लावून गिझरच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थच्या मधे धरायचा. आरसीसीबी ताडकन पडला तर अर्थ आणि आरसीसीबी दोन्ही काम करतायत. बल्ब पेटून राहिला तर आरसीसीबी मेला आहे किंवा ते सॉकेट त्याच्यावर नाहीच. बल्बही नाही आणि खटकाही नाही, तर अर्थ पोचतच नाही. हे काम फक्त वायरमननेच करायचं, घरच्यांनी नाही. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा, पण ते फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंगबद्दल काही सांगत नाही.

एक शक्यता सोडून दिली तर अन्याय होईल. घरात इन्व्हर्टर असेल आणि त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे घरच्या न्यूट्रलला कुठेतरी जोडला गेला असेल, तरी खटका पडतो. पण तेव्हा तो लोड टाकताक्षणी पडतो, पाणी तापायची वाट बघत नाही. तुमचं तसं दिसत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत शेगडीवर पाणी तापवा. बादलीत रॉड टाकू नका. खाली प्रतिक्रियांमध्ये कुणीतरी गॅस गिझर सुचवलाय. तो बाथरूमच्या आत बसवणार असाल तर माझा ठाम विरोध आहे. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो.

सेवा केंद्राकडे परत तक्रार करताना कॉइल आणि टाकीची वॉरंटी वेगळी आहे का, हे कार्डावर बघा. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटीपेक्षा त्यांना जास्त वर्षं देतात. जॉब शीटवर ‘गरम असताना, 500 व्होल्टला, बॉडीशी रोध इतका’ असं रीडिंग लिहून मागा. लिहायला नकार दिला तर सही करू नका, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा.

हे सगळं मी तुमचा गिझर न बघता लिहितोय, त्यामुळे शेवटचा निर्णय मेगर हातात असलेल्या परवानाधारक वायरमनचा. थंड आणि गरम अशी दोन्ही रीडिंग मिळाली की इथे टाका. बाथरूमचे पाइप सीपीव्हीसी आहेत की जीआय, आणि गिझर प्लगवर आहे की डीपी स्विचवर, तेही लिहा.