आधी ‘बेसिक’ किती ते विचारा : दुबईला निघालेल्यांची प्रश्नोत्तरे

नोकरीविषयक प्रश्न मागवले आणि निम्म्याहून अधिक पत्रं आखाताची निघाली, त्यातही बहुतेक दुबई-शारजाची. आखाती कंपन्यांच्या पगारपत्रकांत आणि करारांत माझी बरीच वर्षं गेली, तेव्हा या वेळचा सगळा स्तंभ त्याच पत्रांना.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, चिंचवडला एका कारखान्यात अकाउंट्समध्ये आहे. हातात ५५ हजार येतात. दुबईच्या ट्रेडिंग कंपनीने महिना ६,५०० दिरहम देऊ केलेत, म्हणजे जवळजवळ दीड लाख रुपये. घर कंपनी देणार नाही. बायको आणि साडेतीन वर्षांची मुलगी सोबत येतील. जावं का?

दीड लाख हा आकडा तूर्त बाजूला ठेवा. खर्च दिरहममध्ये होणार, तर हिशेबही दिरहममध्येच करायला हवा. कुटुंबाचा व्हिसा मिळायला ४,००० दिरहम पगार पुरतो (किंवा ३,००० आणि कंपनीचं घर), त्यामुळे व्हिसाची अडचण नाही. अडचण घरापासून सुरू होते.

वर्षाचा पगार ७८,०००. दुबईत भाडं परवडत नाही म्हणून तुम्ही शारजात घर घेणार, जसे हजारो लोक घेतात. वर्षाचे ४२,००० धरू. उरले ३६,०००. मुलीची बालवाडी आणि स्कूलबस मिळून ११,००० धरू. उरले २५,०००, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या थोडं वर. त्यात किराणा, वीज-पाणी, दोघांचे फोन, तुमचं रोजचं जाणं-येणं, बायको-मुलीचा आरोग्य विमा (तुमचा विमा कंपनी काढते, त्यांचा तुम्हालाच काढावा लागतो), त्यांच्या व्हिसाचा खर्च आणि वर्षाकाठी तिघांची विमानाची तिकिटं. शिल्लक शून्य. एखादं आजारपण आलं की क्रेडिट कार्ड.

आता तुम्ही एकटे गेलात असं समजू. ‘बेड स्पेस’ (सामायिक खोलीत भाड्याने मिळणारी एक खाट) किंवा दोघांत एक खोली, जेवणाचा डबा, बस-मेट्रो आणि फोन मिळून २,३०० दिरहममध्ये भागतं. ४,२०० उरतात, दिरहमला तेवीस रुपये धरले तर ९६-९७ हजार. सहकुटुंब गेलात तर काही उरत नाही आणि एकटे गेलात तर घर तुटल्यासारखं होतं. मधल्या पगाराच्या सगळ्या मराठी माणसांची तिथे हीच कोंडी आहे.

शिवाय घराचं भाडं महिन्याला देत नाहीत. वर्षाचे दोन किंवा चार चेक पुढच्या तारखा घालून आधीच द्यायचे असतात. पहिला चेक, अनामत, दलाली आणि वीज-पाण्याची अनामत असं सगळं पहिल्याच महिन्यात निघतं. शारजात मेट्रो नाही, आणि संध्याकाळी दुबईहून शारजाकडे जाणारा अल इत्तिहाद रस्ता अर्ध्या तासाच्या अंतराला दीड-दोन तास घेतो. तुमची मुलगी रोज झोपेतच भेटेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ६,५०० मध्ये ‘बेसिक’ (भत्ते सोडून मूळ पगार) किती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा विचारलेलंही नसावं. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात : पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. बेसिक २,५०० असेल तर तीन वर्षांनी ५,२५० दिरहम हातात पडतील, आणि तेच ३,९०० असेल तर ८,१९०. न घेतलेल्या रजेचे पैसेही बेसिकवरच. नोकरी गेल्यावरच्या सक्तीच्या विम्यात तीन महिन्यांपर्यंत ६० टक्के रक्कम मिळते, तीही बेसिकच्या. कंपनी एकूण आकडा फुगवून बेसिक बारीक ठेवते ते उगाच नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो : बेसिक निम्म्याच्या वर मागा आणि वेगळा घरभत्ता मागा. एकूण ९,००० च्या आत सहकुटुंब जाऊ नका. कंपनी ६,५०० वरच अडली तर एक वर्ष एकट्याने जा आणि तिथल्या बाजारात दुसरी नोकरी शोधा. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं, पण त्या काळात सोडायचं तरी लेखी नोटीस लागते. हे सही करण्यापूर्वी वाचा.

प्रश्न : मुलगा आयटीआय झालाय, एसी मेकॅनिक आहे. चिपळूणजवळचा एजंट ९० हजार मागतो. म्हणतो, आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ दे, तिकडे पोचला की कंपनी व्हिसा बदलून देईल. आमच्या वाडीतले बरेच जण असेच गेले. पैसे भरू का?

भरू नका.

वाडीतले गेले आणि त्यांचं बरं झालं, हे मी नाकारत नाही. कोकणातून आखातात जाणं नवीन नाही. १९६० च्या दशकापर्यंत तिथल्या बाजारात आपल्या रिझर्व्ह बँकेने छापलेला रुपयाच चालायचा. पण ज्यांचं फसलं ते वाडीत परत येऊन सांगत बसत नाहीत. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. कंपनीने व्हिसा बदलला नाही तर मुदत संपल्यापासून दिवसाला ५० दिरहम दंड चढतो, आणि पगार बुडवला तरी तक्रार कुठल्या तोंडाने करणार? कागदोपत्री तो कामगार नसतोच.

यात एक खाच आहे. दहावी नापास मुलांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असतं, त्यामुळे आखातात नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते आणि कागद एकदा तरी तपासले जातात. तुमचा मुलगा दहावी पास, म्हणजे त्याला ही मंजुरी लागत नाही. सुशिक्षित म्हणून सूट मिळाली आणि तपासणीही सुटली. एजंट नेमका याचाच फायदा घेतो. म्हणून तपासणी तुम्हीच करायची. एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो आहे का पाहा. परवानाधारक एजंट उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेऊ शकतो. ९० हजार मागितले तिथेच काय ते कळलं. व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकाने करायचा, असं अमिरातीचा कायदाही सांगतो.

नोकरी खरी असेल तर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर येतं. त्यावर पगार, बेसिक, पद आणि क्रमांक असतो, आणि तो क्रमांक ऑनलाइन तपासता येतो. ते हातात पडेपर्यंत एक रुपया देऊ नका. ‘एसी मेकॅनिक’ लिहिलंय की ‘हेल्पर’, तेही बघा. नंतरचं सगळं त्या एका शब्दावर ठरतं.

मुलाला दोन गोष्टी सांगून ठेवा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं बेकायदा आहे. ‘ऑफिसात सेफ राहील’ असं म्हणाले तरी द्यायचा नाही. आणि १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी आहे. एसीवाल्यांचं काम गच्चीवर असतं, तेव्हा हा नियम त्याच्याच कामाचा. अडला तर दुबईतल्या भारतीय सहाय्यता केंद्राचा टोल फ्री क्रमांक ८०० ४६३४२ आहे.

मुलाचं काम चांगलं आहे. तिथे एसी मेकॅनिकला कधी मंदी नसते. घाई एजंटला आहे, तुम्हाला नाही.

प्रश्न : नवऱ्याला दुबईत चार वर्षं झाली. मी डोंबिवलीत कायम नोकरीत शिक्षिका आहे, मुलगा चौथीत. ‘आता या’ असं ते म्हणतात. सासूबाई म्हणतात, नोकरी सोडू नकोस. मला दोघांचंही पटतं.

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून तर तुम्ही अडकलात.

तिकडचं चांगलं आधी सांगतो, कारण इथून ते दिसत नाही. रात्री अकराला एकटी बाई मेट्रोने घरी येते आणि कुणी वळून पाहत नाही. सरकारी काम फोनवर होतं. आपली माणसं भरपूर. अमिरातीत ३५ लाखांहून अधिक भारतीय आहेत. करामा किंवा बर दुबईत कढीपत्त्यापासून अळूपर्यंत सगळं मिळतं, गणपतीत मूर्तींची दुकानं लागतात, महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम असतात. सासू-सासरे, येणारे-जाणारे, लग्न-बारशी यांचा धबडगा नाही. हे अनेक बायका मला हळू आवाजात सांगतात.

आता दुसरी बाजू. जून ते सप्टेंबर दुपारी बाहेर पडता येत नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंडचा नळ सोडला तरी हात भाजतो. मग लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठून निवलेलं पाणी ‘थंड’ म्हणून वापरतात. त्या वन बीएचकेत नवरा सकाळी सातला जातो, मुलगा शाळेत, आणि तुम्ही एसीच्या घरघरीत एकट्या. डोंबिवलीत स्वतःच्या नावाने ओळखली जाणारी बाई तिथे कागदोपत्री नवऱ्याची ‘डिपेंडंट’ होते. त्यांची नोकरी गेली की त्यांच्यासोबत तुमचा आणि मुलाचाही व्हिसा संपतो. थोडी सवलतीची मुदत मिळते, पण शाळेचं वर्ष त्यासाठी थांबत नाही.

नोकरी मिळेल. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा खूप आहेत. पण तिथले पगार ऐकून सुरुवातीला चेहरा पडतो, आणि पदवी-बीएडची प्रमाणपत्रं राज्य सरकार, दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास अशी फिरवून साक्षांकित करून घ्यावी लागतात. हे काम इथे असतानाच करा, तिथून दुप्पट त्रास.

मुलाचं म्हणाल तर न्यायचं असेल आत्ताच न्या. भारतीय शाळा एप्रिलला सुरू होतात, म्हणजे पाचवीचं वर्ष सरळ मिळेल. दुबईत खासगी शाळांत अरबी विषय घ्यावाच लागतो. पाचवीत तो अलिफपासून शिकता येतो, आठवीत रडवेल. दहावीसाठी सीबीएसईची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे त्यानंतर बोर्ड बदलायचा विचारही नको.

तेव्हा राजीनामा देऊ नका. संस्थेकडे एक वर्षाची बिनपगारी रजा मागा आणि एप्रिलमध्ये जा. एक उन्हाळा तिथे काढा. ज्यांनी जानेवारीच्या गुलाबी थंडीत तिथलं घर बघून निर्णय घेतला, त्यांचे निर्णय जुलैत फिरलेले मी पाहिलेत. रजा मिळत नसेल तर, स्पष्टच सांगतो, नोकरीचं पारडं मला जड वाटतं. नवऱ्याचा करार मुदतीचा आहे, तुमची नोकरी कायम आहे.

गेलात तर पहिल्या महिन्यात तुमच्या एकटीच्या नावाचं बँक खातं उघडा. नवऱ्याला काही झालं तर तिथे त्याची खाती गोठवली जातात, आणि कोर्टाचे कागद होईपर्यंत बायकोला घरखर्चालाही हात लावता येत नाही. बिगरमुस्लिमांना तिथे मृत्युपत्र नोंदवता येतं. विषय अशुभ वाटला तरी तेही करून घ्या.

प्रश्न : जूनमध्ये दुबईत रुजू झालो. भारतातलं सॅलरी अकाउंट आणि पीपीएफ तसंच चालू ठेवू का?

नोकरीसाठी देश सोडलात आणि आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलात, तर प्राप्तिकराच्या दृष्टीने अनिवासी. जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करून घ्यावंच लागतं. ‘कोण बघतंय’ म्हणून तसंच ठेवू नका. तिकडचा पगार एनआरई खात्यात (अनिवासींचं परदेशातल्या कमाईसाठीचं खातं) पाठवा, त्यावरचं व्याज इथे करमुक्त. एनआरओच्या व्याजावर मात्र ३० टक्क्यांनी कर कापतात. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहील, पुढे वाढवता येणार नाही.

प्रश्न : दुबईत २२ वर्षं झाली, वय ५४. बेसिक ८,००० आहे. पुढच्या वर्षी नाशिकला परतायचं म्हणतोय. काय विसरतोय?

ग्रॅच्युइटीचा हिशेब : पहिल्या पाच वर्षांचे १०५ दिवस, पुढच्या सतरा वर्षांचे ५१० दिवस, एकूण ६१५ दिवस. म्हणजे साडेवीस महिन्यांचा बेसिक, १,६४,००० दिरहम. कमाल मर्यादा दोन वर्षांच्या पगाराची, तिच्या आत आहात. करार संपल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. २२ वर्षांच्या नोकरीनंतर कंपनीकडून मिळणारं एवढंच. पेन्शन नाही, नागरिकत्व नाही, ज्या शहरात मुलं वाढली तिथे राहायचा हक्कही नाही. आजवर दिरहमने तुम्हाला हात दिला. तो डॉलरला ३.६७२५ च्या दराने बांधलेला आहे, म्हणून २०१४ च्या सुमारास सोळा-सतरा रुपयांना असलेला दिरहम २०२४ पर्यंत तेविसाच्या आसपास पोचला. परतल्यावर ही शिडी काढून घेतली जाते आणि महागाई तेवढी राहते.

विसरण्याजोगी मोठी गोष्ट आरोग्य विमा. कंपनीचा विमा व्हिसासोबत संपेल, आणि या वयात साखर किंवा रक्तदाब असणारच. भारतातल्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती वर्षं दुबईत असतानाच मोजायला लागावीत म्हणून पॉलिसी या महिन्यात घ्या. दुसरं, कार्ड आणि कर्जं फेडून बँकेकडून लेखी दाखला घ्या. थकबाकीवरून विमानतळावर अडवलेली माणसं आहेत. तिसरं, इतकी वर्षं अनिवासी राहिलेल्याला परतल्यावर साधारण दोन वर्षं परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. परतण्याची तारीख ठरवण्याआधी सीएला भेटा, नंतर नको.

आणि पत्नीला विचारलंत का? पत्रात ‘परतायचं म्हणतोय’ असं एकवचनी आहे.

प्रश्न : दिवाळीत लेकीकडे शारजाला जातेय. फराळ आणि माझी औषधं नेता येतील ना?

चकली, चिवडा, लाडू खुशाल न्या. अनारसे नकोत, आणि कोरडी खसखस तर अजिबात नको. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात, चिमूटभर असली तरी. लेकीला मसाला करून नेत असाल तर त्यातही घालू नका. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मुक्कामापुरतीच. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल असेल तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. गुडघेदुखीच्या काही गोळ्यांतही ट्रॅमाडॉल सापडतं, तेव्हा पाकिटावरची बारीक अक्षरं लेकीला फोटो पाठवून वाचून घ्या.