सरपंचाच्या भावाला ग्रामपंचायतीचं काम मिळालं, तर त्यात बेकायदा काय?

नुसता भाऊ आहे म्हणून सरपंचपद जात नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम 14(1)(ग) बघा: पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध असेल, तर तो अपात्र ठरतो. खरी मेख ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात आहे. मुरूम टाकायचं बिल भावाच्या नावाचं, पण जेसीबी सरपंचांचा किंवा पैसे फिरून त्यांच्याच खात्यात, असं कागदावर दाखवता आलं तर प्रकरण उभं राहतं. घर एकत्र, सातबारा एक, एवढं पारावर बोलायला ठीक आहे.

म्हणून आधी माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिका, बिलं, प्रमाणकं आणि मासिक सभेचा ठराव मागवा. (ठरावाच्या सभेला सरपंच स्वतः अध्यक्ष होते का, तेही पाहा.) मग कलम 16 खाली अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. गैरवर्तनाबद्दल पदावरून काढण्याची वाट वेगळी, कलम 39 ची.

ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) निवडून आलेला नसतो, त्यामुळे त्याला ही अपात्रता लागत नाही. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना 1967 चे वर्तणूक नियम आहेत. तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे करा.

दाखल्यासाठी पैसे मागितले तर मात्र थेट 1064, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. शक्यतो पैसे देण्याआधीच फोन करा, कारण 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांत कळवावं लागतं.