ठाण्यातल्या फ्लॅटमधल्या डबल काचेच्या खिडक्या-दाराची लॉक, हँडल, बिजागऱ्या बिघडल्या आहेत. दुरुस्त होतील की सगळं नवीन टाकावं लागेल?

दुरुस्त होतील. नवीन काही टाकू नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी कोणाला ॲडव्हान्स देऊ नका.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या बाजूला, सोळाव्या मजल्यावर घर. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, डबल काचेच्या खिडक्या आणि बाल्कनीचं दार. दार खाली घासतं आणि दुपारी लॉकच लागत नाही, सकाळी मात्र लागतं. बेडरूमच्या खिडकीचं हँडल जड झालंय. आणखी एका झडपेच्या दोन काचांच्या मध्ये धुकं धरलंय. बसवणारे फोन उचलत नाहीत, आणि बघायला आलेला माणूस ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत’ म्हणून अख्ख्या घराचं कोटेशन देऊन गेला. मी ठाणे-नवी मुंबईत याच खिडक्या-दारांच्या दुरुस्तीचं काम करतो. असं कोटेशन बघितलं की मला राग येतो, कारण चौकट आणि प्रोफाइल (ज्या यूपीव्हीसीच्या पट्ट्यांची चौकट-झडप बनते त्या) चांगले असताना केवळ हार्डवेअरसाठी लोकांच्या घराच्या भिंती फोडल्या जातात.

आधी दार. लॉक बदलायच्या अगोदर एक तपासणी करा, याला हत्यार लागत नाही. दार पूर्ण उघडं ठेवा आणि उघड्या दारातच हँडल वर उचला, खाली करा, किल्ली फिरवून बघा. दाराच्या कडेच्या पट्टीतून हूक आणि रोलर बाहेर येताना, आत जाताना दिसतील. उघड्या दारात हे सगळं सुरळीत चालत असेल तर लॉक ठणठणीत आहे. दार उतरलंय, त्यामुळे हूक चौकटीवरच्या कीपच्या (हूक अडकतात त्या धातूच्या पट्टीच्या) खाचेसमोर येत नाहीत, दोन-तीन मिलिमीटर खाली आपटतात. कीपवर बॅटरी मारून पाहा. खाचेच्या खालच्या कडेला चकचकीत ओरखडा दिसेल, तिथेच हूक घासतोय. उघड्या दारातही हँडल अडकत असेल, आतून कडकड वाजत असेल किंवा नुसतंच ढिलं फिरत असेल, तर मात्र गिअरबॉक्स, म्हणजे हँडलने हूक-रोलर हलवणारी लॉकमधली पेटी, गेला असं समजा.

तुमचं दार सकाळी लागतं आणि दुपारी नाही, यावरून मला पहिलीच शक्यता जास्त वाटते. यूपीव्हीसी उन्हाने वाढतं, दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०७ मिमी. दोन मीटर उंचीच्या दाराचं तापमान सकाळपासून दुपारपर्यंत २५ अंशांनी चढलं तर हिशेबाने साडेतीन मिलिमीटर होतात. आत स्टील असल्याने प्रत्यक्षात कमी, पण काही प्रमाणात वाढतंच. पश्चिमेची बाल्कनी आणि गडद रंगाचं प्रोफाइल असेल तर आणखी. नीट बसलेलं दार एवढं सहन करतं. आधीच उतरलेल्या दाराला तेवढीही जागा उरलेली नसते. पावसाळ्यात ‘दार फुगलं’ असं लोक म्हणतात, ते लाकडाच्या दाराला लागू आहे. यूपीव्हीसी पाण्याने फुगत नाही.

आता महत्त्वाचं. उतरलेल्या दारात आपण रोज हँडलला जोर देतो. तो जोर हूक आणि कीपवर जातोच, पण गिअरबॉक्समधल्या लहानशा कास्टिंगवरही जातो आणि एक दिवस ते तुटतं. मग कोणीतरी येऊन गिअरबॉक्स बदलून देतो, दार मात्र तसंच लटकलेलं राहतं. नवा गिअरबॉक्सही त्याच मार्गाने जातो. वाशीला एका घरी मी गेलो तेव्हा लॉक जवळजवळ नवं होतं आणि तरी तुटलेलं होतं. बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणाऱ्या कडेच्या पट्ट्या, काढून पाहिलं तर काचेच्या कडेचे प्लास्टिकचे पॅकर जागेवरून सुटून सगळे खाली एका कोपऱ्यात गोळा झाले होते. दार उतरायचं कारण तिथे होतं, आणि तिथे कोणी बघितलंच नव्हतं.

हे पॅकर काय करतात ते समजून घ्या, कारण मेकॅनिकला नेमकं हेच विचारायचं आहे. काच एक मिलिमीटर जाडीची असेल तर एका चौरस मीटरचं वजन अडीच किलो भरतं. तुमच्या दारात पाच-पाच मिलिमीटरच्या दोन काचा असतील तर चौरस मीटरला २५ किलो झाले. बाल्कनीच्या एका दारात साधारण दीड चौरस मीटर काच असते, म्हणजे सदतीस-अडतीस किलो. एवढं वजन प्लास्टिकच्या चौकटीने एकटीने पेलायचं नसतं. काचेचं वजन बिजागरीच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावर यावं आणि तिरकस वर लॉकच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात काचेने चौकटीला टेकू द्यावा, अशा बेताने पॅकर ठोकतात. गावाकडे लाकडी फाटकाला तिरपी पट्टी मारलेली असते ना, तेच काम इथे काच करते. पॅकर सुटले की ती पट्टीच निघाल्यासारखं होतं, आणि लॉकच्या बाजूचा खालचा कोपरा जमिनीला टेकायला लागतो.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा बिजागऱ्यांचे स्क्रू तपासा. ढिले असतील तर घट्ट करा. घट्ट होतच नसतील तर स्क्रू आतल्या स्टीलमध्ये न जाता नुसत्या प्लास्टिकमध्ये धरलेला आहे. तिथे लांब स्क्रू घालून स्टील पकडावं लागतं, भोकात काडी कोंबून चालत नाही. मग बिजागरीचं टोपण काढा. बहुतेक दारांना आत एल-कीने फिरवायचे स्क्रू असतात, एक उंचीसाठी, एक आडव्या सरकण्यासाठी. दाराखाली लाकडी पाचर देऊन वजन उचलून धरा आणि पाव-पाव आटा फिरवत जा. तीन बिजागऱ्या असतील तर तिन्हींवर सारखा भार राहिला पाहिजे. एकीवरच दार टांगलं तर तीच आधी झिजते. एवढ्याने काम झालं नाही तर बीडिंग काढून पॅकर पुन्हा बसवायचे. आधी लांब बीडिंग मधूनच सोडवतात, बोथट पुट्टीच्या पट्टीने. बसवताना उलट, आधी आखूड, मग लांब, आणि प्रत्येक बीडिंग आपल्या जुन्या जागी. बीडिंग-पॅकरचं हे काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या. काच टफन (तापवून कडक केलेली) असेल तर तिच्या कडेला लोखंडी पट्टीचा एक टोला बसला तरी ती पूर्ण भुगा होते. टफन काच नंतर कापता किंवा घासताही येत नाही.

कीपमधली खाच कानशीने मोठी करून देणारेही भेटतात. तसं करू देऊ नका. दार आणखी उतरलं की तेच पुन्हा, आणि कीप कायमची वाया.

खिडकीच्या हँडलची तपासणीही तीच, झडप उघडी ठेवून फिरवायचं. उघड्या झडपेत हलकं आणि बंद करताना जड असेल तर झडप बिजागरीवरून उतरलीय. दोन्हीकडे जड असेल तर हँडल काढून बघा. हँडलच्या तळाचं कव्हर आडवं फिरवलं की मागचे दोन स्क्रू दिसतात. हँडलमागचा चौकोनी बार बहुतेक यूपीव्हीसी खिडक्यांना ७ मिमीचा असतो. हँडल काढल्यावर तो बार पकडीने फिरवून पाहा. सहज फिरला तर बिघाड हँडलमध्ये आहे, ते पाच मिनिटांत बदलतं. बारही जड असेल तर आतली लॉकिंग पट्टी कोरडी पडलीय, गंजलीय किंवा गिअरबॉक्स मोडलाय. एक सांगून ठेवतो. झडप बंद असताना हँडल अडलं तर पान्याने जोर लावू नका. गिअरबॉक्स बंद स्थितीत मोडला तर सोळाव्या मजल्यावर बाहेरून हात घालायला जागा नसते, आणि मग आतून काच काढूनच झडप सोडवावी लागते.

तुमच्या झडपा बाजूने बाहेर उघडत असतील तर बिजागरीच्या जागी स्टीलच्या पट्ट्यांचा फ्रिक्शन स्टे असतो, वर एक, खाली एक. याचं काम घरच्या घरी करू नका, हे मी हात जोडून सांगतो. दोन बाय चार फुटांच्या झडपेत डबल काच असेल तर ती वीस किलोच्या आसपास जाते, आणि तिला धरून ठेवणारे थोडेच स्क्रू असतात. येऊरच्या डोंगराकडून वारा सुटला की ती हातातून खेचली जाते. माणूस बोलवाल तेव्हा दोघे असावेत, झडपेला दोरी बांधलेली असावी, आणि खाली वॉचमनला सांगून तेवढी जागा मोकळी ठेवावी. स्टे दोन्ही एकदम बदलायचे, एकच नवा घातला तर झडप तिरकी होते. माप इंचात मिळतं (८, १०, १२, १६ वगैरे), पण नुसती लांबी सांगून भागत नाही. वरून उचलायच्या झडपेचा स्टे आणि बाजूला उघडणाऱ्या झडपेचा स्टे वेगळे असतात, आणि बंद केल्यावरची जाडीही जुळली पाहिजे. जुना नमुना सोबत नेणं सगळ्यात बरं. काढायच्या आधी जुन्या पट्टीच्या कडेने प्रोफाइलवर पेन्सिलने रेघ मारून घेतात, म्हणजे नवी त्याच जागी बसते.

झडप पुरेशी दाबून बसते का हे बघायचं असेल तर वर्तमानपत्राची पट्टी चौकटीत ठेवून खिडकी लॉक करा आणि पट्टी ओढा. चारी बाजूंनी ओढून पाहा. जिथून ती सरकन निघते तिथूनच ट्रकांचा आवाज आणि पावसाचं पाणी आत येतं. घोडबंदरला लोक डबल काच बसवतात ती आवाजासाठी, आणि ‘पूर्वी इतका आवाज येत नव्हता’ ही तक्रार बऱ्याचदा काचेची नसून या दाबाची असते. लॉकिंग पट्टीवरच्या रोलरचं केंद्र मधोमध नसून थोडं बाजूला असतं, ते पान्याने किंवा एल-कीने फिरवले की दाब एखाद मिलिमीटरने वाढतो. तेवढा पुरतो. त्याने भागलं नाही तर रबर बदला. रबर चपटं होऊन कडक झालं असेल तर नखाने दाबल्यावर परत उठत नाही.

पार्ट मिळत नाहीत हे मला पटत नाही. उघड्या झडपेच्या कडेला जी पट्टी दिसते तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव किंवा चिन्ह आणि आकडे कोरलेले असतात. रोटो, सीजेनिया, किनलाँग अशी नावं इथे बऱ्याचदा दिसतात. त्या आकड्यांचा फोटो काढा. दाराच्या लॉकची दोन मापं घ्या: पट्टीच्या पुढच्या कडेपासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंत, आणि हँडलच्या बारच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंत. ही दोन जुळली तर दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्सही बऱ्याचदा बसतो. मुंबईत सी. पी. टँक आणि नागदेवी स्ट्रीटला विचारा. नवी मुंबई जवळ पडत असेल तर तुर्भ्याच्या बाजूला चौकशी करा.

नुसती किल्लीच अडकत असेल तर फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा भाग, बदला. दाराच्या कडेला किल्लीच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो, तो काढा, किल्ली घालून किंचित फिरवा, आतली जीभ सिलिंडरच्या अंगात लपली की तो सरळ बाहेर येतो. मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांची मापं वेगवेगळी घ्या, कारण दोन बाजू सारख्या असतीलच असं नाही.

तेलाबद्दल. मेट्रोच्या आणि बांधकामांच्या कामांमुळे त्या पट्ट्यात सिमेंटची धूळ सतत असते. किल्लीच्या भोकात खोबरेल किंवा मशीनचं तेल घातलं की धूळ चिकटून लुकण तयार होतं. तिथे ग्रॅफाइटची पूड घाला. लॉकिंग पट्टीला हलका सिलिकॉन स्प्रे चालतो, रबरालाही तोच. पेट्रोलियम ग्रीस रबराला लावू नका, रबर फुगून सैल होतं. आणि फ्रिक्शन स्टेच्या सरकत्या पॅडला काहीच लावायचं नाही. तिथल्या घर्षणावरच झडप वाऱ्यात उभी राहते. चौकटीच्या खालच्या बाजूला पाणी जायची भोकं असतात, ती पावसाळ्याआधी तारेने मोकळी करा. ती तुंबली की पाणी आत साठतं आणि खालच्या स्टेचे स्क्रू गंजतात. कोलशेत, वाशी, सीवूड्स अशा खाडीकाठच्या घरांत गंज लवकर धरतो, तिथे ३०४ दर्जाचंच स्टेनलेस स्टील मागा, समोरच खाडी असेल तर ३१६.

राहिलं धुकं. दोन काचांच्या मध्ये ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिच्यात ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. कडेचं सील फुटलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, दाणे भरून जातात आणि मग पाणी काचेवर दिसतं. भोक पाडून वाळवून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका, सील फुटलेलंच राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात धुकं परत येतं. मात्र यासाठी खिडकीही बदलायची नाही. बीडिंग काढून तेवढंच काचेचं युनिट बदलतात, चौकट, झडप, हँडल सगळं तेच राहतं. ऑर्डर देताना लांबी-रुंदीबरोबर एकूण जाडी, म्हणजे दोन काचा आणि मधली पोकळी मिळून, मोजून द्या. पाच-बारा-पाच असेल तर २२ मिमी भरेल. जाडी बदलली तर जुनं बीडिंग बसत नाही. आणि नवं युनिट बसवताना ते पॅकर कुठे ठोकतात, ते शेजारी उभं राहून बघा.