काकांच्या पेटीतले चार पिस्टन

सगळ्यात आधी तो तारेचा ब्रश खाली ठेवा. "घासून चकाचक करतो आणि मग फोटो टाकतो" हे तुमचं वाक्य वाचलं आणि हातातला चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. जैतापूरच्या घरी माळ्यावर काकांची पेटी सापडली. काका मुंबईत गॅरेजात कामाला होते, शर्यतीच्या गाड्यांबरोबर मद्रासला जायचे. पेटीत चार पिस्टन, एक कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा, कॅम म्हणजे उंचवटे असलेला दांडा), वेबर कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आणि एक हलकं झाकण आहे. भंगारवाला किलोवर मागतोय, तर त्याचा मेव्हणा म्हणतो की हे फॉर्म्युला वनचं आहे, लाखांत जाईल. दोघांनाही चहा पाजून वाटेला लावा.

मेव्हण्याचं आधी उरकू. पिस्टनचा व्यास तुम्ही ६८ मिमी दिलाय. त्या काळी फॉर्म्युला वनमध्ये निम्म्याहून जास्त गाड्यांत असायचं ते कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन. १९६७ साली नेदरलँड्सच्या झँडव्होर्टला पहिल्याच शर्यतीत जिंकलेलं तीन लिटरचं व्ही-८. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८५.६७ मिमी. तुमचा पिस्टन त्यात खुळखुळेल. उलट ६८ बोअर आणि ७५ स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) म्हटलं की कुठलाही जुना मेस्त्री झोपेतसुद्धा सांगेल: १०८९ सीसी, फियाट अकराशे. म्हणजे पुढे जिला आपण पद्मिनी म्हणायला लागलो तीच.

हिरमुसू नका, गंमत इथूनच सुरू होते. १९५८ साली इटलीत फॉर्म्युला ज्युनिअर नावाचा प्रकार निघाला. एक सीटची शर्यतीची गाडी, पण इंजिन रोजच्या गाडीचंच घ्यायचं, अकराशे सीसीपर्यंत. मोडेनाच्या स्टँग्वेलिनी कंपनीने आपल्या गाड्यांना हेच फियाट अकराशेचं इंजिन लावलं. १९६३ नंतर तो वर्ग बंद झाला, पण त्या गाड्या युरोपात जुन्या गाड्यांच्या शर्यतींत आजही पळतात आणि त्यांना सुटे भाग लागतात. इकडे मद्रासजवळ सोलावरमच्या धावपट्टीवर आपल्याच फियाट तयार करून पळवल्या जायच्या. तेव्हा तुमचा पिस्टन तीनपैकी एक असणार: टॅक्सीचा, सोलावरमसाठी तयार केलेला, किंवा खरोखर इटलीहून आलेला. व्यास तिघांचा एकच, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

टॅक्सीचा आहे का ते घरबसल्या कळेल. पिस्टन उलटा करून आत बघा. साधा ओतीव पिस्टन आतून साच्यातून निघाल्यासारखा दिसतो, कोपऱ्यांत साच्याच्या शिरा असतात. शर्यतीचा बहुधा घडीव असतो, आतून गुळगुळीत किंवा हत्याराने कोरल्याच्या खुणा असलेला. वरचा माथा सपाट नसून फुगीर असेल, त्यात व्हॉल्व्हसाठी खोबणी असतील आणि गजन पिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी आडवी पिन) बाजूंनी स्कर्ट, म्हणजे पिस्टनचा खालचा घेर, कापलेला असेल, तर टॅक्सी विसरा. माथ्यावर .०२० असं काही दिसलं तर ते इंचाच्या हजारांश भागातलं ओव्हरसाइज आहे, सुमारे अर्धा मिलिमीटर. म्हणजे पुन्हा बोअर केलेल्या ब्लॉकसाठीचा पिस्टन.

मग चारही पिस्टन घेऊन सोनाराकडे जा. हसू नका. शर्यतीचा मेस्त्री चारही पिस्टन एका वजनाचे करूनच बसवतो. सोनाराच्या काट्यावर एका ग्रॅमच्या आत जुळले, तर तो बहुधा कुणीतरी हाताने जुळवलेला संच आहे. संच कधी फोडू नका. एकटा पिस्टन टेबलावर पेपरवेट म्हणून जातो, चार मिळून इंजिनात जातात.

कॅमशाफ्ट जवळच्या वर्कशॉपमध्ये लेथच्या दोन सेंटरमध्ये धरा आणि डायल गेज (सूक्ष्म उंची दाखवणारं मापक) लावून सावकाश फिरवा, प्रत्येक कॅमची उचल लिहून घ्या. शेजारी पद्मिनीचा साधा कॅमशाफ्ट असू द्या, भंगारात अजून सापडतो. तुमच्या कॅमची उचल जास्त पण मूळ गोलाचा व्यास कमी भरला, तर बहुतेक साधाच कॅमशाफ्ट इथे घासून शर्यतीचा केलाय. त्याला किंमत आहे, पण इटलीची नाही.

आकड्यांबाबत बरेच जण फसतात. धातूतून वर उठलेला आकडा ओतकामाचा असतो, तो फक्त साचा कोणता ते सांगतो. एकाच साच्यातून साधा भागही निघतो आणि शर्यतीचाही. पंचाने ठोकलेला आकडा नंतरचा, तो जास्त बोलतो. तिसरं म्हणजे मेस्त्रीने विजेच्या पेनाने खरडलेलं वजन, तारीख, कधी गाडीचा नंबर. हे फिकट असतं आणि ब्रशने पहिलं हेच जातं. मी सांगतोय ते भोगून. रत्नागिरीला आमच्या वर्कशॉपमध्ये एका जुन्या मॅग्नेटोचं (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं) झाकण मी बफवर धरून आरशासारखं केलं. घेणाऱ्याने आधीचा फोटो बघितला, नंतरचं झाकण बघितलं आणि विचारलं, "नंबर कुठाय?" पुढे बोलणं झालंच नाही. मळ काढायचाच तर रॉकेल आणि मऊ फडकं. ठोकलेल्या आकड्यांवर कागद ठेवून शिसपेन्सिल घासा, ठसा उमटतो.

तुमचं ते हलकं झाकण मला मॅग्नेशियमचं वाटतंय, लोणा धरल्यासारखी पांढरी भुकटी आहे त्यावर, असं तुम्ही लिहिलंय. खाऱ्या वाऱ्यात मॅग्नेशियम असंच जातं. खात्री करायला त्याचं वजन ग्रॅममध्ये घ्या, काठोकाठ भरलेल्या भांड्यात विहिरीच्या पाण्यात बुडवा आणि सांडलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजा. भागाकार पावणेदोनच्या आसपास आला तर मॅग्नेशियम, २.७ आला तर अॅल्युमिनियम. लगेच पुसून उन्हात वाळवा. ग्राइंडरला मात्र अजिबात लावू नका. मॅग्नेशियमचा कीस पेट घेतो आणि पाणी मारलं की आणखी भडकतो.

वेबर लवकर विकले जातील, पण डोळे दिपतील असं काही नाही. त्यांचा डीसीओई नावाचा प्रकार पुढे स्पेनमध्ये बनू लागला आणि नवा आजही मिळतो. तुमच्यावर 'बोलोन्या' (वेबरचं इटलीतलं मूळ गाव) असेल तर जुना, थोडा वरचा भाव. आतले जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) बदलू नका. त्यावरचा १३५ म्हणजे १.३५ मिमीचं भोक, कुठल्या इंजिनावर बसवला होता त्याचा तो माग असतो.

भावाचं विचाराल तर मी आत्ता आकडा सांगणार नाही आणि जो फोटोवरून सांगेल त्याला विकू नका. लोकांनी मागितलेल्या किमती बघून काही कळत नाही, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या बघा. घडीव पिस्टन आणि अॅल्युमिनियमचे भाग बसवण्याआधी घेणारा डाय (तडा दाखवणारा रंग) लावून तडा तपासणारच. ते तुम्ही आधी करून घेतलंत तर घासाघीस कमी होईल.

तोवर सगळं पेटीतच असू द्या, पण वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद दमट हवा धरून ठेवतो. कॅमशाफ्टला ग्रीस, बाकीच्यांना तेलाचं फडकं, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत पेटी माळ्यावरून खाली.

आणि काकूंना विचारा. काकांची वही, बिलं, गाडीपाशी उभं राहून काढलेला एखादा फोटो, काहीही. ते कुणाच्या गाडीबरोबर मद्रासला जायचे, हे एवढं कळलं तरी तीनपैकी कुठला पिस्टन ते निम्मं ठरेल.