दुसऱ्याच्या मॉड्यूलचे वॉर्निंग: आधी स्क्रिप्टची पहिली ओळ बघा

पर्ल स्क्रिप्टमध्ये 'नो वॉर्निंग्ज' लिहूनही सीपॅनवरून (पर्लच्या मॉड्यूल्सचं सार्वजनिक भांडार) घेतलेल्या मॉड्यूलचे वॉर्निंग थांबत नाहीत, असं तुम्ही म्हणता. थांबणारच नाहीत. त्या प्राग्माची (कंपायलरला दिलेल्या सूचनेची) हद्द तुमच्या ब्लॉकपुरती, फार तर फाईलपुरती.

पहिल्या ओळीत पर्लपुढे डॅश डब्ल्यू आहे का? बहुधा असेल. हा स्विच ग्लोबल आहे. ज्या मॉड्यूलने वॉर्निंगबद्दल स्वतः काहीच सांगितलेलं नाही, त्यालाही तो लागू होतो, आणि जुनी मॉड्यूल्स तशीच असतात. 'यूज वॉर्निंग्ज' आलंच मुळी पर्ल ५.६ मध्ये, २००० साली. स्विच काढून आपल्या फाईलमध्ये 'यूज वॉर्निंग्ज' लिहा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

तरीही काही उरलंच, तर लगेच गप्प करू नका. 'अनइनिशियलाइझ्ड व्हॅल्यू' मॉड्यूलच्या ओळीवर दिसते खरी, पण अनडेफ, म्हणजे किंमत नसलेलं व्हेरिएबल, पाठवलेलं असतं आपणच. वॉर्न हँडलरमध्ये (वॉर्निंग आलं की चालणारं आपलं फंक्शन) कार्प मॉड्यूलचं क्लक हे फंक्शन लावा, कोणी कोणाला कॉल केला ते सगळं समोर येतं.

मॉड्यूलच दोषी निघालं तर हँडलरमध्ये तो एकच मेसेज आणि तीच फाईल जुळवून गाळा, बाकीचं वॉर्नने पुढे जाऊ द्या. हँडलर चालू असताना तो स्वतःला पुन्हा बोलावत नाही, त्यामुळे लूपची भीती नाही. मात्र तो बिगिन ब्लॉकमध्ये (कंपाइल होतानाच चालणारा भाग), त्या मॉड्यूलच्या 'यूज'च्या आधी हवा. 'यूज' कंपाइल होतानाच चालतं. 'सबरूटीन रीडिफाइन्ड'सारखे मेसेज तेव्हाच येऊन जातात आणि खाली लिहिलेला हँडलर बघतच राहतो.

'डेप्रिकेटेड', म्हणजे पुढे बंद होऊ घातलेल्या गोष्टींबद्दलचे वॉर्निंग, मात्र कधीच गाळू नका. हे वॉर्निंग स्विच नसतानाही येतात, ते उगाच नाही. रेजेक्समधल्या एस्केप न केलेल्या महिरपी कंसाबद्दल ५.२२ नुसतं कुरकुरत होतं, ५.२६ मध्ये तीच गोष्ट बऱ्याच ठिकाणी थेट एरर झाली. मेकफाईल बनवणारं ऑटोमेक १.१५ तिथेच अडकलं होतं. क्रॉनचा (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचा) स्टँडर्ड एरर डेव्ह-नलमध्ये ढकलून फेकून देणाऱ्यांना असं काही आधी कळायची सोयच नसते.

मॉड्यूलची नवी आवृत्ती आहे का बघा. नसेल तर लेखकाला पॅच पाठवा. इन्स्टॉल झालेली फाईल हाताने दुरुस्त करू नका, पुढच्या अपडेटमध्ये बदल उडून जाईल.